जिन्यातला प्रेक्षक

भगवान गायकवाड मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. नेरळजवळच्या शेलूच्या नव्या इमारतीत मी सामान घेऊन आले तो रविवार होता. टेंपोवाल्याशी कपाटावरून माझी हुज्जत आधीच होऊन गेलेली. दोन माणसं ते कपाट पेलत जिना चढत होती, आणि दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर मधोमध एक पन्नाशीचा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. जवळ गेले तर डोळे गच्च मिटलेले, ओठ पुटपुटतायत. "काका, जरा बाजूला व्हा," असं हमाल म्हणाला तर यानं मागे वळूनसुद्धा न बघता नुसता हात वर केला, थांबा म्हणून. मला वाटलं, प्यायलाय आणि बायकोनं बाहेर काढलंय. वा, म्हटलं, शेजार झकास मिळाला.

तेवढ्यात समोरच्या उघड्या दारातून बाईचा आवाज आला, "अहो, बाहेर गेला बॉल. वाचलो." माणसानं श्वास सोडला, उठला, कपाटाची एक बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि माझ्या घरात नेऊन भिंतीला नीट टेकवूनही दिली. मग घाम पुसत म्हणाला, "माफ करा बाई. पेनल्टी होती."

तेव्हापासून ते माझे दादा झाले आणि सात वर्षं त्यांचं हे फुटबॉल मी पाहिलं. म्हणजे त्यांना पाहताना पाहिलं नाही, कारण ते कधी पाहायचेच नाहीत. टीव्हीसमोर बसायच्या त्यांच्या बायको, सुनंदाताई. त्या मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात नर्स. सुट्टीच्या दिवशी तांदूळ निवडत, भाजी चिरत त्या मॅच बघायच्या आणि दादा बाहेर जिन्यात बसून ऐकायचे. आत बसलं की छाती धडधडते, आणि आपण बघितलं की हमखास गोल खातो, असं त्यांचं ठाम मत. "बुद्धाची तसबीर आहे घरात. गंडे-दोरे नाहीत, नवस नाहीत. आणि हा माणूस बघा," असं सुनंदाताई मला सांगायच्या. दादा म्हणायचे, "अंधश्रद्धा नाय ती. अनुभव हाय."

बरं, मॅचमधलं इंग्रजी बोलणं दादांना कळत नसे. कळायचा तो स्टेडियममधल्या माणसांचा आवाज. आवाज चढत चढत जाऊन एकदम बसला की गोल हुकला. फुटला की झाला. आणि थोड्याच माणसांचा, लांबून आल्यासारखा ओरडा आला की गोल पाहुण्यांचा. जिन्यात बसून भिंतीकडे बघत ते मला आतली सगळी हकिकत सांगायचे आणि सुनंदाताई आतून "बरोबर" म्हणून दुजोरा द्यायच्या. त्यांचं सहसा चुकत नसे.

संघही बघा कुठला निवडला. विलायतेतला, पिवळ्या शर्टवाला, दरवर्षी तळाशी गटांगळ्या खाणारा. बाकी जग विजेत्यांच्या मागे आणि आमचे दादा यांच्या मागे. त्याचं असं झालं की नेरळला टीव्ही घ्यायला गेले, तेव्हा दुकानदारानं चित्र कसं दिसतं ते दाखवायला मॅच लावून दिली. पिवळे चार गोलांनी मार खात होते, पाऊस पडत होता आणि त्यांची माणसं भिजत उभी राहून गाणी म्हणत होती. दादा दुकानात तासभर उभे. सुनंदाताई म्हणाल्या, चला, घेतला ना टीव्ही. दादा म्हणाले, "हरतायत, तरी गातायत बघ. ही आपली माणसं." झालं. त्या दिवसापासून पिवळे आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आले.

दादा वायरमन होते. कशेळ्याच्या बाजूची गावं आणि डोंगराच्या कडेच्या वाड्या त्यांच्याकडे. रोज मोटारसायकलवर झोळीत पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे घालून निघायचे. त्यांच्या कामाचा एक नियम त्यांनी सगळ्या जगण्याला लावून टाकला होता. माझ्या घरातला फ्यूज बदलताना मेन स्विच बंद केला, तरी त्यांनी दोनदा टेस्टर लावून बघितला. मी हसले. तर ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, तार जिवंतच हाय असं समजायचं. तार मेली समजलात की तुमीच मेलात."

म्हणून दादा चांगलं कधी बोलायचेच नाहीत. मॅचच्या आधी विचारा, "आज हरणार." भाचीचं लग्न ठरलं, "मोडलं नाय म्हणजे मिळवली." कशेळ्याच्या पलीकडे एका ठाकूरवाडीत पहिल्यांदा लाईट आली तेव्हा सगळी वाडी खांबाभोवती गोळा झाली होती आणि हे म्हणाले, दोन दिवस टिकली तरी खूप. तिथली एक म्हातारी केरसुणी घेऊन धावली म्हणे, मग तुझा खांब घेऊन जा म्हणाली. दादा हे स्वतःच सांगायचे आणि पोट धरून हसायचे. वर सांगायचे की चार वर्षं झाली, त्या वाडीत लाईट टिकून हाय. "मी तसं बोललो म्हणून टिकली." इमारतीत त्यांना पाठीमागे 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं.

मग तो मार्च महिना आला आणि सगळं बंद झालं. गाड्या, शाळा, दादांचं फुटबॉलसुद्धा. नऊ मॅच राहिल्या होत्या आणि पिवळे खालून तिसरे. तिथे तळाचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलतात. दादा मला म्हणाले, "इथंच स्पर्धा थांबवली तर आपली पोरं परीक्षा न देताच नापास, बाई." मी शाळेतली बाई, मला ते लगेच कळलं.

पण खरी भीती ती नव्हतीच. सुनंदाताई दवाखान्यात अडकल्या होत्या. राहायची सोय तिकडेच केलेली, पंधरा-पंधरा दिवस ड्युटी. मध्ये दोन दिवस मोकळे मिळाले की खास कर्मचाऱ्यांसाठी सोडलेल्या गाडीनं त्या शेलूला येऊ शकत होत्या. एकदा आल्या. दुसऱ्याच दिवशी आमच्या सेक्रेटरीनं कागद फिरवला की दवाखान्यात काम करणाऱ्यांनी तूर्त इमारतीत येऊ नये, अशी सर्वांची विनंती. त्या कागदावर माझी सही आहे. माझी आई ऐंशीची, दम्याची, घरात. मी घाबरले होते. हे कारण खरं आहे, पण ते सांगताना मला आजही खाली बघावंसं वाटतं.

त्यानंतर सुनंदाताई आल्या की गेटबाहेर थांबायच्या. दादा रस्त्याकडच्या गटाराच्या मोरीच्या कठड्यावर डबा ठेवायचे, दहा पावलं मागे यायचे, मग त्या पुढे होऊन उचलायच्या. दोघं भर उन्हात मास्क लावून एवढ्या अंतरावरून बोलायची आणि मी गॅलरीतून बघायची. माझ्याशी दादा पूर्वीसारखंच बोलायचे. माझ्या आईची औषधं नेरळहून तेच आणून द्यायचे. सहीबद्दल एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कुणी विचारलं, सुनंदाताई कधी येणार, तर दादा म्हणायचे, "ती काय आता येत नाय." खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कानावर हात ठेवले. काय ही जीभ, म्हणाल्या, घरची लक्ष्मी मरणाच्या दारात काम करतेय आणि हा असा बोलतोय. मला माहीत होतं, माणूस तारेला दोनदा टेस्टर लावतोय.

जूनच्या सुरुवातीला वादळ झालं. झाडं पडली, खांब आडवे झाले, कशेळ्याकडच्या वाड्या अंधारात गेल्या. दादा आठवडाभर सकाळी जायचे आणि चिखलानं भरून यायचे. अशातच एक दिवस जिना चढताना माझ्या दारापाशी थांबले आणि म्हणाले, "सुरू होतंय, बाई. मॅचेस." डोळे चमकत होते. मग हळूच म्हणाले, मॅच सुरू झाल्या की एकेक करून सगळंच सुरू होईल. गाड्या सुरू होतील. हिला रजा मिळेल. नऊ मॅच होईस्तोवर ही घरी असेल. एवढं बोलले आणि एकदम दचकले. जीभ चावली, भिंतीला हात लावला. "नाय होणार म्हणा, बाई. म्हणा ना." मी म्हटलं, नाही होणार. तेव्हा कुठे ते घरात गेले.

पहिल्या मॅचला ते नेहमीच्या पायरीवर बसले. पाच मिनिटांत माझं दार वाजलं. चेहरा पांढरा पडलेला. "आवाजच येत नाय आतून." टीव्ही चालू होता, मॅच चालू होती, पण रोगाच्या भीतीनं स्टेडियममध्ये माणूसच सोडला नव्हता. रिकाम्या खुर्च्या, आणि मध्ये बावीस जण नुसते धावतायत. चेंडूला पाय लागल्याचा आवाज यायचा, खेळाडूंची एकमेकांना हाक यायची, बास. जिन्यात बसून त्यातलं काय कळणार? मसणात खेळल्यागत वाटतंय म्हणाले. मग ओशाळून विचारलं, "तुमी बघता का, बाई? हिच्या जागी?"

अशी मी फुटबॉल बघायला लागले. मास्क लावून, दार सताड उघडं ठेवून, सुनंदाताईंच्या खुर्चीवर नव्हे तर शेजारच्या स्टुलावर. आधी मला काही कळत नसे. मी बाहेर ओरडून सांगायचे, "दादा, आपला एक जण पडलाय." बाहेरून प्रश्न, "कुठं पडलाय? आपल्या गोलजवळ की त्यांच्या?" "मधे." "मग पडू दे." हळूहळू शिकले. पिवळे दोन हरले, एक जिंकले, एकदा बरोबरी झाली. माझंही चित्त थाऱ्यावर राहीना. वर्गात मुलांना धीर देणारी मी, त्या पिवळ्या पोरांना बघून घाबरायची.

पाच मॅच राहिल्या असताना सुनंदाताईंचा फोन आला की ताप आहे. दोन दिवसांनी त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच वॉर्डात त्यांना खाटेवर घातलं. ऑक्सिजन लावला. दादांना जाऊन भेटायची सोय नव्हती. मुलगी नाशिकला, तिलाही येता येईना. ड्युटीवरची सिस्टर दिवसातून एकदा सुनंदाताईंच्या कानाला फोन लावून धरायची. त्यांना बोललं की धाप लागायची, म्हणून दादांनीच बोलायचं. आणि आमचे दादा, ज्यांच्या तोंडून आयुष्यात धीराचा शब्द निघाला नाही, ते फोन हातात घेऊन उभे राहायचे. पावसाचं सांगायचे, कुठला खांब उभा केला ते सांगायचे. एकदा तर फोनवर विजेच्या बिलाचं बोलत बसले. फोन ठेवल्यावर जिन्यात जाऊन बसायचे. मॅच नसतानासुद्धा.

शेवटची मॅच रविवारी संध्याकाळी होती. जिंकले तर पिवळे राहणार, नाहीतर खाली. दादांना त्यात रस उरलाय असं मला वाटत नव्हतं. पण दुपारच्या फोनवर सुनंदाताई थांबत थांबत म्हणाल्या, "आज शेवटची ना? मला इथून दिसत नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा." दादा म्हणाले, बाईंना बसवतो. तिकडून म्हणाल्या, "बाई नाही. तुम्ही."

मला दादांनी सोबतीला बोलावलं. खुर्चीवर बसायला त्यांना धीर होईना, म्हणून टीव्हीसमोर जमिनीवर बसले, मांडी घालून, हातात फोन. सिस्टरनं तिकडे फोन उशीवर ठेवलेला. सुनंदाताईंचा आवाज नीट यावा म्हणून दादांनी टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला. इकडे फोनमधून कसल्याशा यंत्राची घरघर आणि मधूनच खोकला. त्या आवाजाकडे कान आणि टीव्हीकडे डोळे, असा माणूस दीड तास बसला. फोन मांडीवर ठेवला. आणि सांगत होते. कोण धावतोय, कोण आडवा आला, सगळं. अर्ध्या खेळानंतर पिवळ्यांनी गोल केला आणि दादांनी तो बघितला. स्वतःच्या डोळ्यांनी. ओरडले नाहीत. फोनमध्ये हळू म्हणाले, "झाला गं."

पंधरा मिनिटं राहिली होती आणि लाईट गेली.

पंखा थांबला, टीव्ही काळा पडला. मी दादांकडे बघितलं. वायरमनच्या घरातली लाईट, एरवी त्यांनी चार फोन फिरवून कारण काढलं असतं. फोनमधून घरघर येत होती. मग सुनंदाताईंचा आवाज आला, "गप्प का झालात?"

दादांनी काळ्या टीव्हीकडे बघितलं आणि बोलायला लागले. "नाय गं, बघतोय. आपल्याकडंच हाय चेंडू. आपला तो उंच गडी हाय ना, त्यानं कोपऱ्यात नेलाय, वेळ काढतोय. ते आले बघ. नाय, गेला. आपला गोलकीपर आज लय भारी खेळतोय." पंधरा मिनिटं ते बोलत होते. घामाच्या धारा लागल्या होत्या. रिकाम्या मैदानातून नाहीतरी आवाज येतच नव्हता, त्यामुळे तिकडे काही कळायचं कारण नव्हतं. शेवटी म्हणाले, "संपली. जिंकलो, सुनंदा. राहिलो आपण."

तिकडे एकदा खोकला. मग, "बरं झालं," एवढंच. फोन बंद झाला.

माझ्या मोबाईलवर मी निकाल बघितला. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला होता. बरोबरी. पिवळे खाली गेले होते. मला ते बोलावं लागलं नाही, दादांनी माझ्या तोंडावरच वाचलं. संतापले नाहीत, रडले नाहीत. जमिनीवर हात टेकून बसले आणि म्हणाले, "मी तार मेली समजलो, बाई."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, दादा, मॅच वेगळी, माणूस वेगळं. माझंच मला पटत नव्हतं.

त्यानंतरचे नऊ दिवस दादा सुनंदाताईंबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. येणार म्हणाले नाहीत, येणार नाहीत असंही म्हणाले नाहीत. दोन्हीची भीती. कामावर जायचे, यायचे. त्या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी त्यांचा फोन वाजला की मी आमच्या दाराला आतून कान लावून उभी राहायची, आणि पलीकडे विजेच्या खांबाबद्दल बोलणं सुरू झालं की स्वयंपाकघरात जायची.

दहाव्या दिवशी सुनंदाताई आल्या. दवाखान्याच्या गाडीतून उतरल्या, अर्ध्या झाल्या होत्या. सेक्रेटरी हार घेऊन गेटवर उभे. सुनंदाताईंनी हार हातात घेतला, गळ्यात घातला नाही, आणि जिना चढायला लागल्या. दोन मजल्यांना चार वेळा बसल्या. दादा एक पायरी मागे, पडल्या तर धरायला हात पुढे करून. मी दारात उभी होते. सुनंदाताई माझ्यासमोर थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "आईंना बरं आहे ना?" मी रडले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कागदाचा विषय त्यांनीही कधी काढला नाही.

मॅचचं खरं मला पुढे त्यांनीच सांगितलं. त्या रात्रीच सिस्टरच्या मोबाईलवर त्यांना निकाल कळला होता. "मला माहीत होतं, बाई. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोलले होते. म्हटलं, राहू दे तसंच." दादांना त्यांनी हे सांगितलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांनी माझी बदली कर्जतच्या बाजूला झाली. घर सोडलं तो दिवसही रविवारच. आई आधीच वारली होती, सामान थोडं होतं. शेवटची पिशवी घेऊन बाहेर आले तर दादा पायरीवर, भिंतीकडे तोंड करून. पिवळे खालच्या वर्गातच होते, पण स्टेडियममध्ये माणसं परत आली होती, उघड्या दारातून मला टीव्हीवर दिसत होती, उभी राहून हात हलवत, गात. आवाज मात्र जवळजवळ नव्हताच.

मी म्हटलं, "दादा, आता लोक आलेत ना परत. मग आवाज वाढवा की. तुम्हाला कळणार कसं?"

दादांनी मागे वळून बघितलं नाही. "आवाज मोठा केला," म्हणाले, "की हिचा खोकला ऐकू येत नाय."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. जाताना काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, आज काय होणार. "हरणार," दादा म्हणाले. आत सुनंदाताई खोकल्या, एकदा, मग भांडं सरकवल्याचा आवाज आला. दादांनी ऐकलं, मान हलवली आणि मला खाली उतरता यावं म्हणून पायरीवर थोडे बाजूला सरकले.